गाळातला ट्रॅक्टर

द्राक्षबागेत ट्रॅक्टर केवढा घ्यायचा हे लागण करतानाच ठरून गेलेलं असतं. आमची जुनी बाग नऊ बाय सहाची, म्हणजे दोन ओळींत नऊ फूट आणि दोन वेलींत सहा. नऊ फुटांतून दोन्हीकडचे बोद, म्हणजे वेलींखालचे मातीचे उंच वरंबे, वजा केले, अँगल आणि ताणाच्या तारा सोडल्या, की मधे साडेपाच फुटांचं रान मोकळं राहतं. त्यातून चार फूट रुंदीचा ट्रॅक्टर सरळ निघून जातो. मोठा ट्रॅक्टरही जातो, पण बांधावर वळताना दरवेळी एखाद्या खोडाची साल काढतो. खेरीज वजनाचा प्रश्न आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की डाऊनी या रोगाच्या धास्तीनं ओल्या रानातसुद्धा फवारणीला उतरावं लागतं. काळ्या रानात ओलीवर त्याच त्या चाकोरीतून जड चाक फिरत राहिलं की तिथली माती दगड होते आणि पांढरी मुळी त्या बाजूला फिरकत नाही. बाग का सुकते म्हणून माणूस खतांच्या याद्या बदलत बसतो, आणि दुखणं चाकाखाली असतं.

म्हणून आबांनी विसाच्या आतल्या अश्वशक्तीचा एक छोटा डिझेल ट्रॅक्टर घेतला होता. वापरलेलाच, पण इंजिन जपानी बनावटीचं, तीन सिलिंडरचं. जपानात ही जात भाताच्या लहान खाचरांसाठी जन्मली. अमेरिकेत याच आकाराची यंत्रं घराभोवतीचं गवत कापतात, हिवाळ्यात दारातला बर्फ ढकलतात. आमच्याकडे ती द्राक्षाच्या ओळीत शिरली आणि तिथंच रमली. आबांचा ट्रॅक्टर बागेत फवारणीला असायचा, एरवी कृष्णाकाठी भिलवडीच्या शेडमध्ये उभा असायचा.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आली. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. त्या वेळी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. नदीकाठच्या गावांतून माणसं आणि जनावरं बाहेर काढायची पळापळ चालली होती, तिथं ट्रॅक्टरकडे कोण बघणार? शेड बुडालं. पाणी ओसरल्यावर ट्रॅक्टर सापडला तो जागचा हललेला नव्हता, पण बॉनेटपर्यंत गाळ चढलेला. पुढे घर सावरणं, बाग सावरणं यात त्याचा नंबर लागला नाही. आबांनी त्याच्यावर एक ताडपत्री टाकली आणि विषय संपवला. नंतर भंगारवाले येऊन किलोचा भाव सांगून जायचे. आबा नुसतेच "बघू" म्हणायचे.

तो पुन्हा उभा करायचा असं मी ठरवलं त्यामागं माया होतीच, पण हिशेबही होता. नव्या ट्रॅक्टरची किंमत हा हिशेबाचा एक भाग. त्याहून मोठा भाग असा, की या यंत्रात पान्यानं उघडता येणार नाही असं काहीच नाही. संगणक नाही, सेन्सर नाही, कुलूपबंद डबा नाही. जे झिजलंय ते मोजता येतं आणि जे मोजता येतं ते आपल्या जिल्ह्यात बनवून मिळतं.

इथं बेअरिंगच्या नंबराबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण जुनं यंत्र जिवंत करणाऱ्याला त्याच्याइतका आधार दुसऱ्या कशाचा नसतो. ट्रॅक्टरचं पार्ट बुक मिळत नव्हतं, म्हणून सगळे हवालदिल. पण प्रत्येक बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. 6205 असेल तर आतलं भोक 25 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 52, जाडी 15. 6206 असेल तर 30, 62 आणि 16. शेवटचे दोन आकडे 04 किंवा त्याहून मोठे असले, की त्यांना पाचानं गुणून भोकाचं माप येतं. कारखाना कुठलाही असो, देश कुठलाही असो, माप तेच. ऑइल सीलवरही असेच तीन आकडे असतात: शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. गाळ पुसत पुसत मी ते आकडे वहीत उतरवून घेतले आणि सांगलीच्या दुकानात ट्रॅक्टरचं नावही न सांगता बहुतेक माल मिळाला. कुणीतरी, कधीतरी, सगळ्या जगानं एकाच मापात बेअरिंग बनवावं असा आग्रह धरला म्हणून पुरात बुडालेला ट्रॅक्टर उभा राहू शकतो. त्या अनोळखी माणसांबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

गाळाशी झुंज मात्र लांबली. नदीचा गाळ रानात पसरला की शेतकरी खूश होतो, पीक जोमदार येतं. तोच गाळ यंत्रात शिरला की व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टचं काम करतो. कण इतके बारीक की तेलाबरोबर सगळीकडे फिरतात, आणि इतके कठीण की बेअरिंगचा पृष्ठभाग खात जातात. आमच्या या ट्रॅक्टरला गिअरबॉक्स आणि अवजार उचलणारी हायड्रॉलिक लिफ्ट यांना तेल एकच. गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवेच्या भोकातून, पुराचं पाणी आत गेलं होतं, म्हणजे लिफ्टच्या पंपापर्यंत गाळ पोचलाच होता. खालचा प्लग काढला तर आधी पाणी, मग पांढुरकं फेसाळ तेल, आणि मग काहीच नाही. गाळानं भोक बुजलं होतं. तारेनं टोकरून ते मोकळं केलं. वरचं झाकण उघडलं, डिझेल ओतलं, ब्रशनं दात घासले, सोडून दिलं, पुन्हा ओतलं. बोटाच्या चिमटीत थेंब धरून चोळायचा आणि खरखर लागते का ते बघायचं, हीच आमची कसोटी. खरखर लागायची थांबली तेव्हा पंप उघडला. त्याच्या बाजूच्या पट्ट्यांवर बारीक रेघा पडल्या होत्या, पण नखाला अडकत नव्हत्या. मिस्त्री म्हणाले, "चालंल. नख अडाकलं असतं तर बदलावाच लागला असता."

हे मिस्त्री म्हणजे आयुष्यभर डिझेल पंप आणि इंजिनं बांधलेला माणूस. माझ्याकडून काम काढून घ्यायची त्यांची पद्धत होती. स्वतः हात कमी लावायचे, बाजूला खाटेवर बसून बघायचे. इंजिन जाम होतं. मला वाटलं दुसऱ्या ट्रॅक्टरला दोर बांधून, गिअरमध्ये टाकून ओढलं तर सुटेल. गावात तसं करतातही. मी विचारलं तर ते ताडकन उठले.

"दादा, हिसका द्यायचा न्हाई. आत पिस्टन गंजानं धरलाय. दुसरा ट्रॅक्टर जोर लावंल, पिस्टन हलायचा न्हाई आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकंल. मग खरंच किलोवर घालायला लागंल."

मग सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझल काढून तिन्ही भोकांतून डिझेल आणि गिअरचं पातळ तेल एकत्र करून ओतलं आणि वाट बघितली. तेल गंजात झिरपायला वेळ घेतं, त्याला घाई चालत नाही. अधूनमधून फ्लायव्हीलच्या दात्याला टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, लावून हातानं, अगदी बेतानं, पुढे-मागे दाब द्यायचा. एका संध्याकाळी तो केसभर हलला. टॉमीच्या टोकाला ते हलणं हाताला आधी कळलं, डोळ्यांना नंतर.

हेड काढल्यावर कारण दिसलं. पूर आला तेव्हा ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा होता त्यातच पाणी शिरलं होतं. बाकीचे दोन जवळजवळ कोरडे. मधल्या बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भोकात, पिस्टनची रिंग जिथं थांबली होती तिथं गंजाचा गोल चट्टा आणि त्यात खड्डे. पॉलिश पेपरनं असले खड्डे जात नाहीत. ब्लॉक कुपवाडच्या वर्कशॉपला नेऊन तिन्ही बोअर अर्धा मिलिमीटर वाढवून घेतले आणि त्या मापाचे ओव्हरसाइज पिस्टन टाकले. एकच बोअर वाढवला असता तरी चाललं असतं असं सांगणारे भेटले. पण एक पिस्टन जड आणि दोन हलके झाले की इंजिन थरथरतं, आणि थरथरणारं इंजिन नटबोल्ट ढिले करत राहतं. इथं खर्च वाचवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बांधणीतला मला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे रिंगेचा गॅप बघणं. नवी रिंग एकटीच बोअरमध्ये घालायची, पिस्टनच्या डोक्यानं ढकलून सरळ करायची आणि तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फिलर गेजची पातळ पट्टी सरकवायची. फट अजिबात नसेल तर इंजिन तापल्यावर रिंग फुगून बोअरला चिकटणार. जास्त असेल तर कॉम्प्रेशन निसटणार. पट्टी किंचित अडखळत, पण ओरखडा न काढता गेली पाहिजे. प्रत्येक रिंग अशी बघायची, नसेल तर कानस लावायची, आणि कानस एकाच दिशेनं, बाहेरून आत.

डिझेल इंजिनाला कॉम्प्रेशन म्हणजे जीव. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते, इथं ती नाही. हवा विसाव्या भागापर्यंत दाबली की तिचं तापमान 500 अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन ऑग्सबर्गला 1897 मध्ये चाललं. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात ऑटो कंपनीनं एक लहान डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. भुईमूग पिकवणाऱ्या आमच्या भागात ही गोष्ट शाळेत कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. अर्थात घाण्याचं तेल आजच्या नोझलला झेपत नाही. ते फार दाट असतं आणि तापलं की चिकट थर धरतं. आजचा इंजेक्शन पंप म्हणजे बारकाईची कमाल आहे. त्याच्यातल्या प्लंजर आणि बॅरलमधली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत, म्हणजे मायक्रॉनमध्ये मोजतात. ती एक ते तीन मायक्रॉन असते. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास. म्हणून पंपाला आम्ही हात लावला नाही, तो मिरजेला बेंचवर तपासून आणला.

नोझल मात्र समोर बसून तपासल्या. टेस्टरला नोझल जोडायची, हाताचा दांडा सावकाश दाबायचा, काटा वर चढतो. चौरस सेंटिमीटरला 120 किलोच्या आसपास दाब झाला की काटा थरथरतो आणि नोझल बोलते. मिस्त्री डोळे मिटून तो आवाज ऐकत होते. पहिली नोझल कर्रर्र असा बारीक आवाज करत धूर सोडावा तसा फवारा सोडत होती. दुसरीही तशीच. तिसरीतून धार आली आणि शेवटी टोकाला थेंब लोंबकळत राहिला. हा थेंब फार वाईट. तो अवेळी जळतो, काळा धूर काढतो, आणि चालूच राहिला तर पिस्टनच्या माथ्याला भोक पाडतो. तिसरी नोझल नवी घेतली. फवाऱ्याखाली हात कधीही धरू नये. या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं आणि जखम वरून टाचणीएवढी दिसली तरी बोट गमवायची वेळ येते. हे मिस्त्री मला सांगत होते तेव्हा त्यांनी स्वतःचे हात पाठीमागं बांधले होते.

चालू करायच्या दिवसाचं फार सांगण्यासारखं नाही. फिल्टरचा स्क्रू ढिला करून एअर काढली, बुडबुडे संपेपर्यंत हातपंप मारला, नोझलच्या नटांपाशीही एअर काढली, हीटर तापवला आणि स्टार्टर दिला. आधी एक सिलिंडर लागला, मग दुसरा, आणि धूर निवळत गेला तसा तिसरा. आबा ओसरीवरून उठून आले, बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "टॅपेट जरा वाजतंय." वाजत होतंच. गार झाल्यावर व्हॉल्व्हची फट मोजून ते लावलं.

खरी मौज पुढे आहे, कारण ट्रॅक्टर स्वतः काहीच करत नाही. तो नुसता चालतो. काम मागचं अवजार करतं, आणि अवजार ज्याच्या त्याच्या रानाच्या मापाचं लागतं. आमच्या गावाजवळच किर्लोस्करवाडी आहे. 1910 साली तेव्हाच्या औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनच्या उजाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना हलवला, त्याआधी बेळगावात त्यांचा लोखंडी नांगर तयार झाला होता. लोखंडामुळं जमिनीत विष उतरेल म्हणून शेतकरी तो नांगर घेत नव्हते आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. ही गोष्ट शेतकऱ्याच्या अडाणीपणाची म्हणून सांगितली जाते ते मला पटत नाही. ज्याचं पोट त्या मातीवर आहे त्यानं नव्या अवजाराला चार प्रश्न विचारलेच पाहिजेत. मी दुकानात तयार अवजारं बघितली तेव्हा हेच केलं. तण कापायचं यंत्र पाच फुटी होतं. ओळीत मावलं असतं, पण बोदाच्या कडेला घासून ठिबकची नळी कापली असती.

म्हणून साडेतीन फुटी बनवलं. जोडणीचा सांगाडा थ्री पॉइंट. हॅरी फर्ग्युसननं ही जोडणी शोधायच्या आधी अवजार साखळीनं ओढलं जायचं, आणि ते दगडाला अडकलं की ट्रॅक्टर पुढून उठून ड्रायव्हरवर पालथा पडायचा. तीन दांड्यांच्या जोडणीत अवजार अडकल्यावर वरची दांडी ट्रॅक्टरचं नाक खाली दाबते. शिवाय मापं जगभर ठरलेली: आमच्या गटात वरची पिन 19 मिलिमीटर, खालच्या दोन 22. चॅनेल कापून, गुण्यात धरून आधी फक्त टाके मारले, ट्रॅक्टरला जोडून लिफ्ट वर-खाली करून बघितली, कुठं काही घासत नाही याची खात्री झाल्यावर पूर्ण वेल्डिंग केलं.

पात्याचा वेग हा या यंत्राचा गाभा. विळ्यानं कापताना आपण एका हातानं गवत धरतो. यंत्रात ते धरायला कुणी नाही, म्हणून तण वाकायच्या आत तुटलं पाहिजे. पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा ट्रॅक्टरच्या मागचा शाफ्ट, मिनिटाला 540 फेरे फिरतो. आम्हाला मिळालेला जुन्या ग्रास कटरचा गिअरबॉक्स ते अडीचपट करतो, म्हणजे 1350. पात्याच्या टोकाचा घेर 90 सेंटिमीटर व्यासाचा धरला तर टोक सेकंदाला 63 मीटरहून जास्त पळतं, ताशी 230 किलोमीटरच्या आसपास. या वेगाला हरळीची काडीसुद्धा उभ्या उभ्या तुटते. पण याच वेगाला सुटलेला खडा माणूस मारू शकतो. म्हणून चारही बाजूंनी पत्र्याचा घेर आणि मागं साखळ्यांची झालर. पाती घट्ट बोल्ट केलेली नाहीत, पिनवर झुलती आहेत. दगड लागला तर मागं सरकतात.

पाती ट्रकच्या पाट्याच्या लोखंडाची. ऊसतोडीचे कोयते ज्या लोहाराकडून घडवून घेतो त्याच्याचकडे गेलो. त्यानं धारेची बाजू लाल करून तेलात बुडवली आणि पिनच्या भोकाकडची बाजू मुद्दाम मऊ राखली. नंतर धार घासून चकचकीत केली आणि पुन्हा मंद आचेवर धरली. लोखंडावर रंग चढत गेले: पिवळा, मग जांभळा. निळा दिसू लागला तसं त्यानं काढून घेतलं. पिवळ्यावरच थांबलं तर धार कडक राहते आणि दगडाला लागून तुकडा उडतो, निळ्यावर चिवट होते. त्याच्याकडे थर्मामीटर नाही, पण निळा रंग 300 अंशांच्या आसपास येतो आणि तो रंग त्याची नजर चुकवत नाही. पाती जोडीनं वजन करून घेतली. दोन पात्यांच्या वजनात फरक राहिला तर त्या वेगाला गिअरबॉक्सचं बेअरिंग टिकत नाही.

जुन्या ट्रॅक्टरची एक खोड इथं सांभाळावी लागते. क्लच एकच. तो दाबला की इंजिन सुटतं, पण फिरती पाती थांबत नाहीत. त्यांचा जोर उलटा गिअरबॉक्सवर येतो आणि ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. ओळीच्या टोकाला बांध, पलीकडे विहीर. पीटीओ शाफ्टवर ओव्हररनिंग कपलिंग लावलं की हा धोका जातो. सायकलच्या फ्रीव्हीलचंच ते तत्त्व, जोर एका बाजूनंच जातो. कपलिंग आणि शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर या दोन गोष्टी मी बनवायच्या फंदात न पडता विकत आणल्या. 540 फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. बागेत काम करणाऱ्या बायकांच्या डोक्याला स्कार्फ, अंगात ढगळ शर्ट, ड्रायव्हरच्या गळ्यात टॉवेल. उघड्या शाफ्टला कापड लागलं तर माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही. पुष्कळ ट्रॅक्टरवरची ही कव्हरं ग्रीस मारताना अडचण होते म्हणून काढून टाकलेली असतात. ती पुन्हा बसवा, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.

कापलेलं तण एका बाजूनं बोदावर पडावं म्हणून घेराला डावीकडे तोंड ठेवलंय. उन्हाळ्यात त्याचं आच्छादन होतं, बोदाची ओल टिकते, तणनाशकाचा एक हात वाचतो.

दुसरं अवजार साधं, पण घरात सगळ्यांत जास्त कौतुक त्याचंच झालं. मालाच्या दिवसांत भरलेली कॅरेट ओळीच्या मधून बांधापर्यंत बायका डोक्यावर आणायच्या, वीस-वीस किलोची. त्यासाठी लिफ्टवर बसणारा फळीचा अरुंद मंच केला. इथं वजनाचा हिशेब चुकवून चालत नाही. मागच्या अ‍ॅक्सलपासून एक मीटरवर 200 किलो ठेवले आणि पुढच्या-मागच्या चाकांत 1.4 मीटर अंतर असलं, तर पुढच्या चाकांवरचा 140 किलोहून जास्त भार उचलला जातो आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. म्हणून मंच टायरला लागणार नाही इतका पुढे ओढून घेतला, आणि पुढच्या बाजूला वजन दिलं. रंगाच्या वीस लिटरच्या डब्यात काँक्रीट भरलं की 48 किलोचा ठोकळा होतो. असे दोन पुढे टांगले आहेत.

लिफ्टचं एक दुखणं राहिलंय. इंजिन बंद करून मंच वर ठेवला तर तासाभरात तो खाली येतो. मिस्त्रींच्या मते सिलिंडरमधली ओ-रिंग, माझ्या मते कंट्रोल व्हॉल्व्ह. लिव्हर न्यूट्रलला ठेवून आणि उचलायच्या जागी ठेवून दोन्ही वेळा उतरण्याचा वेग मोजायचा आहे. त्यावरून गळती कुठली ते कळेल. माल उतरून बाग विश्रांतीला गेली की झाकण उघडायचं ठरलंय. तोवर रात्री उभा करताना मंच जमिनीवर टेकवायचा, हे ड्रायव्हरला सांगून ठेवलंय.